‘धरणे’ आणि ‘मोडणे’ : विक्रीच्या वेळेविषयीच्या दोन कथांची चिकित्सा

आर्थिक व्यवहाराविषयी समाजात ज्या कथा प्रचलित असतात, त्यांना समीक्षेचा विषय मानण्याची प्रथा मराठीत फारशी रूढ झालेली नाही. अर्थशास्त्राचा अभ्यासक त्यांतील आकडे घेतो आणि कथा सोडून देतो; वाङ्मयाच्या अभ्यासकाला त्यांत वाङ्मय दिसत नाही. वास्तविक या कथांना नायक असतो, कथानक असते, ठरलेला शेवट असतो आणि, हे सर्वांत महत्त्वाचे, ठरलेली मौने असतात. घेतलेली वस्तू किती काळ जवळ ठेवावी आणि केव्हा विकावी, या प्रश्नावर लोक निर्णय घेतात ते पुष्कळ वेळा अशा कथांच्या बळावर. म्हणून त्यांची चिकित्सा हा केवळ शब्दविलास ठरत नाही. प्रस्तुत लेखात अशा दोन कथा विचारासाठी घेतल्या आहेत. पहिली खानदेशातील अमळनेरची, दुसरी वऱ्हाडातील अकोटची. पहिलीत न विकणारा माणूस धनाढ्य होतो. दुसरीत न विकणारा माणूस नाडला जातो. दोन्ही कथा आपापल्या परीने खऱ्या आहेत, आणि दोन्हींत क्रियापद मात्र एकच आहे : धरून ठेवणे.

अमळनेरची कथा आता महाराष्ट्राबाहेरही सांगितली जाते. १९४५ च्या डिसेंबरात महंमद हशम प्रेमजी यांनी तेथे ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ ही कंपनी स्थापन केली. वनस्पती तूप आणि कपडे धुण्याचा साबण ही तिची उत्पादने. १९६६ मध्ये संस्थापकाच्या निधनानंतर एकवीस वर्षांचे अझीम प्रेमजी कारभार पाहू लागले. १९७७ आणि १९८२ मध्ये नाव बदलत बदलत ती ‘विप्रो लिमिटेड’ झाली, आणि तेलतुपाच्या कारखान्यातून संगणक व्यवसायाची मोठी कंपनी उभी राहिली. गावातील ज्या कुटुंबांनी आरंभीचे भाग घेतले व विकले नाहीत, त्यांच्या वाट्याला आलेली संपत्ती हा या कथेचा गाभा होय. गणित नेहमी एकाच तऱ्हेने मांडले जाते. १९८० मध्ये शंभर रुपये दर्शनी किमतीचे १०० भाग एखाद्याजवळ होते असे धरावे. पुढे १९८१ पासून वेळोवेळी मिळालेले बोनस भाग आणि १९८६ व १९९९ मधील विभाजने हिशेबात घेतली, तर २०१० पर्यंत त्या १०० भागांचे ९६ लाख भाग होतात. २०१७, २०१९ आणि २०२४ च्या बोनस भागांनंतर ती संख्या पाच कोटी बारा लाखांवर जाते. गुणाकार निर्दोष आहे.

गुणाकार निर्दोष असला तरी कथन निर्दोष असतेच असे नाही. प्रथम लक्षात येते ते हे की, कथेत बहुधा दर्शनी किंमत हीच खरेदीची किंमत मानली जाते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. ही कथा आरंभ आणि शेवट एवढेच सांगते; मधला काळ तिला नको असतो. फेब्रुवारी २००० मध्ये या भागाचा भाव दहा हजार रुपयांच्या आसपास पोहोचला होता. तेव्हा कथेतील भागधारकाजवळ नऊ लाख साठ हजार भाग असणार, म्हणजे त्या दिवसाच्या भावाने नऊशे कोटींहून अधिक रुपये. पुढच्या दीड-दोन वर्षांत तो भाव पाचव्या हिश्शाच्याही खाली आला. मधल्या काळातील बोनस भाग हिशेबात घेऊन २००० सालचा तो उच्चांक आजच्या भागाच्या मापात आणला, तर त्याच भावाला पुन्हा पोहोचावयास सुमारे २० वर्षे लागली असे दिसते. मधल्या लाभांशाने हे चित्र थोडे सौम्य होते, पण मूलतः बदलत नाही. दोन दशके हा काही अल्पकाळ नव्हे. त्या अवधीत एखाद्या घरातील कर्ता निवर्ततो, नातवंडे शिकून नोकरीला लागतात. ‘विकले नाही’ या दोन शब्दांखाली ही दोन दशके दडपली गेली आहेत, आणि ज्याने १९९९ च्या अखेरीस ही कथा ऐकून भाग घेतला त्याला कथेत जागाच नाही.

कथेची जातही ओळखून घेतली पाहिजे. तिची घडण श्रावणातल्या कहाणीची आहे. कोणी एक साधा माणूस वसा घेतो, मोहाचे प्रसंग येतात, शेजारीपाजारी हसतात, तो वसा टाकत नाही, शेवटी देव प्रसन्न होतो. कहाणीत वसा टाकणाऱ्याचे काय होते तेही सांगितलेले असते. अमळनेरच्या कथेतही कुठेतरी तो दुय्यम पात्रासारखा येतो : मुलीच्या लग्नात भाग विकून टाकणारा. पण वसा न टाकताही ज्याच्यावर देव प्रसन्न झाला नाही, त्याची कहाणी कोणी रचीत नाही. या साहित्यप्रकारालाच तो मानवत नाही.

अशा भागधारकाचे उदाहरण शोधावयास फार दूर जावे लागत नाही. जमशेटजी टाटा यांनी १८७४ मध्ये स्थापन केलेल्या कंपनीची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात सुरू झाली. वऱ्हाड-नागपूरचा कापूस जेथे पिकतो तेथेच त्याचे सूत काढावे, हा त्यामागील विचार. या गिरणीने पिढ्यान्‌पिढ्या भरघोस लाभांश दिला. तिचा भाग जवळ असणे ही प्रतिष्ठेची गोष्ट होती. १९८६ मध्ये टाटांच्या कंपनीचा कारभार आटोपला, गिरणी राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि २००२ मध्ये कायमची बंद पडली. आजोबांचा भाग श्रद्धेने राखणाऱ्या नागपूरच्या नातवाने अमळनेरच्या नातवाहून वेगळे असे काहीही केले नव्हते. निष्ठा तीच, पेटीही तशीच. फरक कंपनीत होता, भागधारकाच्या गुणात नव्हता. हेन्ड्रिक बेसेम्बाइंडर यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतील १९२६ ते २०१६ या काळातील भागांचा हिशेब मांडला. सरकारी अल्पमुदतीच्या रोख्यांपेक्षा अधिक अशी जी संपत्ती भागबाजाराने निर्माण केली, ती सर्व सुमारे चार टक्के कंपन्यांच्या खात्यावर जमा होते असे त्यांना आढळले. उरलेल्या शहाण्णव टक्क्यांनी मिळून सरकारी रोख्यांइतकेच दिले. अमळनेर त्या चारांत होते. तेथील माणसांना ते ठाऊक असण्याचा संभव नव्हता. त्यांच्या गावातला तो एक कारखाना होता, एवढेच.

आता अकोटकडे वळावे. सातपुड्याच्या पायथ्याशी, नरनाळ्याच्या दक्षिणेला वसलेले हे तालुक्याचे गाव सतरंज्यांसाठी एके काळी ओळखले जाई. बाजारपेठ म्हणून त्याची ओळख कापसाची. येथे भागधारक थोडे, कापूसधारक पुष्कळ. वेचणी झाली की कापूस घरात येतो, माजघरात, ओसरीवर, असेल तर टिनाच्या कोठ्यात गंजी लागते, आणि विक्रीचा प्रश्न उभा राहतो. भागबाजाराच्या परिभाषेत ज्याला दीर्घकाल गुंतवणूक म्हणतात, तिचे हे सहा महिन्यांतले, पण फार जुने रूप आहे असे पुष्कळांना वाटते. तसे ते आहे काय, हाच येथील मुख्य प्रश्न होय.

२०२१-२२ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ६,०२५ रुपये होता. पाऊस आणि गुलाबी बोंडअळी यांमुळे पीक कमी आले, जगाच्या बाजारातही तेजी होती. परिणामी भाव हमीभावाच्या वर गेला, जानेवारीत दहा हजार ओलांडून उन्हाळ्यात बारा हजारांच्या आसपास पोहोचला. त्या काळी विदर्भातील उच्च भावाच्या बातम्यांत अकोटचे नाव वारंवार येत असे. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे : एप्रिल-मेपर्यंत बहुतेकांचा कापूस विकून झालेला होता. बारा हजारांचा भाव फार थोड्यांच्या पदरात पडला. पडला तो मुख्यतः सर्वांच्या बोलण्यात. पुढच्या हंगामात या बोलण्याने बाजार चालवला. २०२२-२३ मध्ये भाव आरंभी नऊ हजारांच्या आसपास होता, म्हणजे ६,३८० रुपयांच्या हमीभावापेक्षा बराच अधिक. परंतु गेल्या वर्षीच्या शिखराच्या तुलनेत तो भाव ‘पडलेला’ दिसला. कापूस घरोघर धरून ठेवला गेला. आवक मंद राहिली. २०२३ च्या उन्हाळ्यापर्यंत भाव सात हजारांच्या आसपास उतरला, आणि मृगाच्या तोंडावर बियाण्यासाठी पैसा हवा म्हणून त्याच भावाने गंजी उपसाव्या लागल्या. मधल्या महिन्यांत कापूस सुकून वजनात घटला, काही ठिकाणी पिवळा पडला. साठवलेल्या कापसातील किडीमुळे घरच्या माणसांना खाज सुटल्याच्या बातम्या त्या वर्षी विदर्भ-मराठवाड्यातून आल्या.

जगाच्या बाजारात तोपर्यंत जे घडले होते ते लपलेले नव्हते. न्यूयॉर्कच्या वायद्यात मे २०२२ मध्ये पौंडाला दीड डॉलरच्या आसपास असलेला रुईचा भाव ऑक्टोबर अखेरीस निम्म्यावर आला होता. अकोटची वेचणी सुरू होत असतानाच शिखर मागे पडले होते. तरीही धरून ठेवणाऱ्याला मूर्ख ठरवणे अन्यायाचे होईल. आदल्या वर्षी ज्याने धरले त्याचे भले झाले आणि ज्याने दिवाळीला विकले तो हळहळला, हे त्याने डोळ्यांनी पाहिले होते. त्याने एका वर्षाच्या अनुभवाचा नियम केला. अमळनेरच्या कथेचे प्रचारक याहून वेगळे काय करतात? त्यांनी एका गावाचा नियम केला आहे.

या ठिकाणी भाषेचा विचार आवश्यक होतो. ‘धरणे’ हे एकच क्रियापद दोन भिन्न वस्तुस्थितींवर पांघरूण घालते. चांगल्या कंपनीचा भाग धरला असता त्याच्या मागे एक उद्योग चालू असतो. नफा होतो, त्यातील काही पुन्हा उद्योगात घातला जातो, त्यावर पुन्हा नफा होतो. धरणारा स्वस्थ बसलेला असला तरी धरलेली वस्तू स्वस्थ नसते. गंजीतला कापूस मात्र दुसऱ्या दिवशी तेवढाच कापूस असतो, किंबहुना किंचित कमी. तो धरण्यात लाभ व्हावयाचा तर केवळ पुढचा ग्राहक अधिक देईल म्हणूनच. पहिल्या धरण्यात काळ धारकाच्या बाजूने काम करण्याचा संभव असतो, दुसऱ्यात काळ व्याज मागतो. वऱ्हाडी बोली या भेदाविषयी अगदी अजाण आहे असेही नाही. शेत ‘असते’; कापूस घरात ‘पडलेला असतो’. म्हशीविषयी कोणी ‘पडली आहे’ म्हणणार नाही, कारण ती दूध देते. परंतु विक्रीच्या निर्णयापाशी आल्यावर हा भेद पुसला जातो आणि ‘धरला’, ‘नाही धरला’ एवढीच भाषा उरते.

विकण्याची क्रियापदे याहून बोलकी आहेत. दागिना विकला जात नाही, ‘मोडला’ जातो. मुदतीची ठेवही ‘मोडतात’. शेत ‘काढतात’, आणि हा शब्द उच्चारताना आवाज उतरतो. कापूस वऱ्हाडात ‘मोजतात’ : कापूस मोजला काय, हा प्रश्न विक्रीविषयीच असतो. पैसा नंतर येतो, त्याला ‘चुकारा’ हा स्वतंत्र शब्द आहे. भाग मात्र ‘विकतात’ किंवा ‘काढून टाकतात’. ‘मोडणे’ म्हणजे अखंड होते ते भंगणे. त्यात अपराधाची छटा आहे. ‘मोजणे’ या शब्दात ती नाही; पिकलेले पीक काट्यावर घालणे ही हंगामाची स्वाभाविक समाप्ती होय. याच्या जोडीला ‘गुंतवणूक’ हा शब्द ठेवून पाहावा. तो ‘गुंतणे’ या क्रियापदापासून आला आहे. पाय गुंततो, दोरा गुंततो, जीव गुंततो. त्याच न्यायाने पैसा गुंततो आणि नको तेव्हा ‘अडकतो’. धनाच्या वाढीची कल्पना या शब्दात मुळीच नाही, आहे ती सुटकेच्या अडचणीची. ‘भागधारक’ या संस्कृत घडणीच्या शब्दातही धारण करणे आहे, सोडणे नाही. ज्या भाषेत पैसा घालणे म्हणजे गुंतणे आणि काढणे म्हणजे मोडणे, त्या भाषेत केव्हा विकावे हा प्रश्न विचारणेच थोडे अशुभ वाटले तर नवल नाही. अर्थात शब्दाची व्युत्पत्ती माणसाच्या निर्णयाला बांधून ठेवते असे म्हणणे अतिरेकाचे होईल. गुजराती किंवा इंग्रजी बोलणारेही वेळेवर विकत नाहीतच.

प्रयोगाच्या अंगाने पाहिले असता आणखी एक विशेष दिसतो. चांगल्या भावाने विक्री झाली की वाक्य कर्मणि प्रयोगात, तृतीयान्त कर्त्यासह येते : त्याने कापूस दहा हजाराला विकला. भाव पडल्यावर तेच वाक्य कर्ता गाळून अकर्मक होते : कापूस सात हजारात गेला. पहिल्यात माणूस काही करतो, दुसऱ्यात कापूस आपण होऊन जातो. भाव ‘येतो’, ‘मिळतो’, ‘फुटतो’, ‘पडतो’. तोटा एखाद्याला ‘होतो’, तोही चतुर्थीत. अमळनेरच्या कथेत याच्या नेमके उलट घडते. तेथे वस्तुतः काहीही केले गेले नव्हते. भागांना गावात सहजी गिऱ्हाईक नव्हते, प्रमाणपत्रे पेटीत होती, लाभांश येत होता, कारखाना डोळ्यांसमोर चालत होता. या निष्क्रियतेला कथन ‘जपले’, ‘राखले’, ‘सांभाळले’ अशी सकर्मक क्रियापदे देते आणि तृतीयान्त कर्ता उभा करते. फळ पाहून कर्तृत्व बहाल करण्याची ही रीत केवळ व्याकरणाची गंमत म्हणून सोडून देता येत नाही, कारण ऐकणारा याच कर्तृत्वाचे अनुकरण करू पाहतो.

केव्हा विकावे या प्रश्नावर पाश्चात्त्य ग्रंथकारांत फिलिप फिशर यांचा विचार अजूनही पायाभूत मानला जातो. १९५८ च्या ‘कॉमन स्टॉक्स अँड अनकॉमन प्रॉफिट्स’ या ग्रंथात त्यांनी विक्रीचे तीनच प्रसंग मान्य केले : खरेदीच्या वेळचे अनुमान चुकीचे होते असे उघड होणे, कंपनी बदलून पूर्वीच्या कसोटीस न उतरणे, आणि तिच्याहून निश्चित चांगली संधी समोर असणे. यांत भावाचा उल्लेख नाही, ही लक्षात घेण्याजोगी गोष्ट आहे. पण या तिन्ही प्रसंगांना एक पूर्वअट आहे : घेताना का घेतले हे घेणाऱ्याला ठाऊक असले पाहिजे. कारण आठवत नसेल तर ते चुकले की बदलले हे कशावरून ठरवावयाचे? अशा वेळी माणूस खरेदीची किंमत हेच कारण समजू लागतो. टेरन्स ओडीन यांनी १९९८ मध्ये अमेरिकेतील एका दलाली पेढीची दहा हजार खाती तपासली, तेव्हा लोक नफ्यातील भाग लवकर विकतात आणि तोट्यातील धरून ठेवतात असे आढळले. विकलेले भाग नंतरच्या वर्षात धरलेल्यांपेक्षा सरस ठरले होते.

अकोटच्या शेतकऱ्याजवळ खरेदीची किंमत नसते. कापूस त्याने घेतलेला नाही, पिकवलेला आहे. लागवडीचा खर्च हे त्याचे एक प्रमाण असते, पण २०२२-२३ मध्ये नऊ हजारांचा भाव अपुरा वाटला तो खर्चाच्या तुलनेत नव्हे, ऐकलेल्या बारा हजारांच्या तुलनेत. याचा अर्थ असा की, ओडीन यांच्या खातेदाराला स्वतःची किंमत अडवते, तर येथे दुसऱ्याची किंमत अडवते. फिशर यांची कसोटी येथे जशीच्या तशी लागू करता येत नाही हे खरे, तथापि तिचा प्रश्न लागू आहे. धरून ठेवण्याचे कारण कोणते, आणि ते कारण अजून शिल्लक आहे काय? २०२१-२२ मध्ये कारण होते : अपुरे पीक. पुढच्या वर्षी ते कारण उरले नव्हते, उरली होती फक्त किंमत.

विक्रीची वेळ ठरवणारा आणखी एक घटक दोन्ही कथा वगळतात, आणि तोच सर्वांत बलवान आहे. वऱ्हाडातील कापूस पंचांगाने विकला जातो. दिवाळीला पहिल्या वेच्यातला थोडा, लग्नसराईच्या आधी काही, पाडव्याला सालदाराचा हिशेब करावयाचा म्हणून काही, आणि उरलेला मृगापूर्वी. सावकाराचे किंवा सोसायटीचे देणे या पंचांगात सणासारखेच ठरलेले असते. ज्याची निकड भागलेली आहे त्यालाच ‘केव्हा विकावे’ हा प्रश्न खऱ्या अर्थाने पडू शकतो. इतरांच्या बाबतीत उत्तर आधीच दिलेले असते. अमळनेरच्या कथेतील मुलीच्या लग्नासाठी भाग विकणारा बाप या दृष्टीने पुन्हा वाचला पाहिजे. कथा त्याला उतावळा ठरवते. त्याने लग्न पार पाडले होते.

या प्रश्नाचे ओझे शेतकऱ्याच्या डोक्यावरून काढून घेण्याचा एक मोठा प्रयोग महाराष्ट्रात झालेला आहे. १९७१ च्या कायद्यान्वये १९७२ पासून कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. कापूस शासनालाच द्यावयाचा, हमीभाव ठरलेला. ही व्यवस्था सुमारे तीस वर्षे, एकाधिकार २००२ च्या सुमारास संपेपर्यंत, या ना त्या स्वरूपात चालली. तिच्या तोट्याविषयी, चुकाऱ्यांच्या विलंबाविषयी आणि मध्य प्रदेशाच्या सीमेपलीकडे जाणाऱ्या कापसाविषयी पुष्कळ लिहिले गेले. भाषेच्या अंगाने तिचा विचार झालेला नाही. कापसाचे तेजी-मंदीचे बोलणे वऱ्हाडाला नवे नव्हते. अमेरिकेतील १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात या भागातील कापसाला सोन्याचा भाव आला होता, आणि त्याच पैशाने मुंबईत भागांचा जो ज्वर चढला त्यात बँक ऑफ बॉम्बेचा २,८५० रुपयांपर्यंत गेलेला भाग १८६५ च्या पडझडीनंतर ८७ रुपयांना विकावा लागला. एकाधिकाराच्या तीस वर्षांत मात्र ‘केव्हा’ हा प्रश्न जवळजवळ नाहीसा झाला; उरले ते ‘मोजणे’ आणि ‘चुकारा’. आज ज्यांनी पन्नाशी ओलांडली आहे अशा अकोट तालुक्यातील शेतकऱ्यांनी बापाला कापूस मोजताना पाहिले. धरताना फारसे पाहिले नाही. २०२२ च्या दिवाळीत कापूस धरून ठेवताना त्यांच्या पाठीशी त्या कौशल्याची परंपरा नव्हती, आदल्या वर्षीची वदंता तेवढी होती.

हे अनुमान तपासून पाहता येण्यासारखे आहे. अकोटच्या बाजारात नोव्हेंबर ते मे या महिन्यांत विक्रीविषयीची वाक्ये तारीखवार टिपली, बोलणाराचे वय आणि त्या दिवसाचा भाव सोबत नोंदला, तर ‘विकला’, ‘मोजला’, ‘धरला’ आणि ‘गेला’ या चार रूपांची वाटणी भावाबरोबर कशी बदलते आणि पिढीबरोबर कशी बदलते हे दोन हंगामांत दिसून येईल. एकाधिकारापूर्वीचा बाजार पाहिलेली माणसे आता सत्तरी-ऐंशीच्या पुढची आहेत. त्यांची वाक्ये प्रथम टिपावी लागतील.